भिंतीखालची मंडूकपर्णी

हुडकेश्वरच्या त्या घरात मागच्या खोलीची खिडकी शेजाऱ्याच्या दुमजली भिंतीकडे उघडायची. मधली चार फुटांची पट्टी बारा महिने ओली. धंतोलीच्या डॉक्टरांनी "आता घरीच राहू द्या" म्हटल्यापासून प्रेमलताबाईंचा पलंग त्या खिडकीशी होता. दिवसभर चिखल पाहून त्या एकदाच म्हणाल्या होत्या, "तिथं काही हिरवं असतं तं बरं झालं असतं."

त्यांची मुलगी मयुरा वनस्पतिशास्त्र शिकलेली. तिने तीन दिवस उन्हाची वेळ टिपली. दुपारी जेमतेम वीस मिनिटं. हरळी इथे तगणार नव्हती. हंसराज हा नेचा जगला असता, पण फार सावकाश पसरला असता. शेवटी तिने मंडूकपर्णी निवडली. तिचे जमिनीवर सरपटणारे दांडे पेऱ्यापेऱ्याला मूळ धरतात, ओल आणि सावली दोन्ही तिला मानवतात. मयुराने चाळीस रोपं आणली आणि खिडकीसमोर दर नऊ इंचांवर एक काडी रोवून ठेवली.

सकाळी पाहते तर वडील, मारोतराव, काड्या उपटून रोपं खेटून लावत बसलेले. एका कोपऱ्यातच सगळी संपत आली होती.

"बाबा, काहून असं करून राहिले? हवा खेळली नाही तर सडतील ना!"

मारोतरावांनी मान वर केली नाही. तीस वर्षं मागावर लुगडी विणलेला माणूस. "फणीतलं एक घर धाग्याबिगर रिकामं राह्यलं तं सगळ्या लुगड्यात रेघ दिसते वं. तू तं घरंच घरं सोडून राहिली."

"हे लुगडं नाही, बाबा. आपोआप पसरतात ती. दिवाळीपर्यंत माती दिसणार नाही."

"दिवाळी!" त्यांनी खिडकीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "पोळा तरी दिसन का तिले?"

डॉक्टरांनी सांगितलेली मुदत मयुराला पाठ होती. रोपांच्या वाढीचा वेगही पाठ होता. हे दोन आकडे तिने कधी शेजारी ठेवून पाहिले नव्हते.

आतून खोकला आला, मागोमाग आईचा आवाज. "तुझ्या बाबाची ओळ वाकडी चालली, सांग त्याईले."

"तीस वर्षं माह्या हातचं नेसली, तवा नाही दिसली वाकडी," मारोतराव पुटपुटले.

मयुरा तशीच स्कूटर काढून धरमपेठेतल्या रोपवाटिकेत गेली. "एवढ्याशा जागेत दोनशे?" माळी म्हणाला. "कुजून जातील, ताई."

"माहीत आहे. द्या."

दुपारपर्यंत बापलेकींनी पट्टी भरून काढली, बोट घालायलाही माती उरली नाही. मग हात धुऊन मयुराने आईची उशी उंच केली. प्रेमलताबाई बराच वेळ पाहत राहिल्या.

"खिडकी उघडीच राहू दे," त्या म्हणाल्या.