परतवणी

चैत्रातल्या दुपारी, कडुनिंबाची सावली ओसरीवरून सरकत सरकत खोलीत शिरलेली असताना, शालूआत्या उकिडवी बसून नखांनी फरशी वाजवायची. आधी एक नख, मग दोन, मग पाचही. तो बारीक, सावध ध्वनी त्या निःशब्द परक्या घरातून वाट काढत दिवाणाखाली पोहोचायचा, आणि धन्याच्या विरहाने भिंतीकडे तोंड करून पडलेल्या मुक्या जीवाचा एक कान नकळत उभा राहायचा. ती हाक मारायची नाही, चुचकारायची नाही, अन्नाची ताटली दाखवायची नाही. फक्त वाजवत राहायची. ऊन भिंतीवर चढून जायचं तेव्हा कुठे दिवाणाखालून एक नाक बाहेर यायचं. मग ती गुडघ्यावर हात टेकून उठायची आणि चहाचं आधण ठेवायची.

नव्वदनंतरची ती वर्षं. बडोद्याच्या मराठी घरांतली मुलं एकामागून एक अमेरिकेला गेली, आणि त्यांच्यामागून आईबापही सहा-सहा महिन्यांसाठी जाऊ लागले. सुनेचं बाळंतपण काढायला, नातवंडं खेळवायला. मागे उरायचं एक बंद घर, कुंड्यांतली जास्वंद, आणि मुलाने जाण्याआधी हौसेने आणून ठेवलेलं एखादं जनावर. जनावराला कोण व्हिसा देणार? मग कुणाला तरी सुचायचं, शालूताईंना विचारा की, त्या काय, मोकळ्याच असतात. मोकळ्या! हा शब्द आठवला की अजूनही माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते. आयुष्याने जिच्या हातात काही राहू दिलं नाही, तिला लोक मोकळी म्हणतात.

ती माझ्या बाबांची धाकटी बहीण. लग्नानंतर वर्षभरातच कपाळ पुसून माहेरी आली आणि पुढची सगळी वर्षं बालवाडीत दुसऱ्यांची पोरं सांभाळून निवृत्त झाली. दांडियाबाजारात आमचं दोन खोल्यांचं भाड्याचं घर होतं. स्वयंपाकघरातून मोरीकडे जाणाऱ्या बोळात तिची खाट. कुणी मोरीकडे निघालं की ती झोपेतच पाय दुमडून घ्यायची, इतकी ती सवय अंगात मुरली होती. माझी आई दुष्ट नव्हती, पण आत्याला बोलावणं आलं की आईच्या चेहऱ्यावर उजेड पडायचा आणि ती स्वतःहून तिची पिशवी भरायला बसायची. बाबांना हे दिसत होतं. ते पेपर वाचत. परक्याचं बोलावणं हेच आत्याचं घर होतं. ते आलं की खिडकी, झोपाळा आणि आपल्या हाताने लावायचं-उघडायचं दार. नाही आलं की बोळ. म्हणून पुढचं बोलावणं यावं, ही एकच इच्छा तिने मनात धरली होती.

आणि बोलावणी यायची, कारण जनावरांना रमवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. छाणीच्या एका बंगल्यातल्या काचपेटीतल्या माशांपुढे ती रोज सकाळी लाल रिबीन हलवायची, आणि ते बिचारे निर्बुद्ध मासे शाळेला निघालेल्या पोरांसारखे रांगेने तिच्यामागे जायचे. एका पोपटाला ती वर्तमानपत्र वाचून दाखवायची, मोठ्याने, नाटकातल्यासारखं. तो मान तिरपी करून ऐकायचा आणि मृत्यूच्या बातम्यांनंतर हटकून ‘केम छो’ म्हणायचा. उन्हाळ्यात माठाखालच्या ओल्या वाळूत ती बिस्किटाचे तुकडे पुरून ठेवायची, कुत्र्याने हुंगून काढावेत म्हणून. उत्तरायणात, म्हणजे संक्रांतीला, आभाळ पतंगांनी भरून जायचं आणि गच्च्या आरडाओरड्याने फाटू लागायच्या, तेव्हा ती थरथरणारं मांजर पदराखाली घेऊन आतल्या खोलीत बसायची आणि बालवाडीतली गाणी पुटपुटायची. मी तिला एकदा म्हटलं, एवढं तर लोक आपल्या पोरांचंही करत नाहीत. ती म्हणाली, पोरांना सांगता येतं ना, आई संध्याकाळी येणार आहे म्हणून.

पण तिचं खरं कसब याहून निराळं होतं, आणि ते माझ्याखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. मालक परतायचे पंधरा दिवस राहिले की ती बदलायची. नखं वाजणं थांबायचं. जनावर मांडीवर चढू लागलं की ती उठून जायची. खाऊ दुरून सरकवायची. मालकीण परदेशी निघताना तिच्याकडून मुद्दाम न धुतलेलं एक लुगडं नाहीतर साडी मागून ठेवलेली असायची. ती आता पेटीतून निघायची आणि जनावराच्या अंथरुणावर पसरली जायची. प्रत्येक घासाला मालकांचं नाव. हे वहिनींनी दिलंय हं, हे दादांनी पाठवलंय. ती याला परतवणी म्हणायची. आपल्याला लागलेली माया थेंब थेंब करून जिथली तिथे पोहोचवायची. मग मालक दारात आले की जनावर वेडंपिसं होऊन त्यांच्या अंगावर उडी घ्यायचं, मालकीण डोळे पुसत म्हणायची, बघा, विसरला नाही हो अजून! आत्या तोवर कोपऱ्यात चपला शोधत असायची. मला तिचा भयंकर राग यायचा. इतकं कशाला पुसून टाकायचं स्वतःला? पण तिला दुनियादारी माझ्यापेक्षा जास्त कळत होती. ज्या दाईकडे मूल जास्त झेपावतं तिला पुन्हा कुणी बोलावत नाही.

कारेलीबागेतल्या वसंतराव आणि वत्सलावहिनींकडे स्नोई होता. पांढराशुभ्र, केसाळ पॉमेरियन. बडोद्याच्या वैशाखात ज्याला जीव नकोसा व्हायचा त्याचं नाव बर्फावरून ठेवणाऱ्यांच्या अकलेची तारीफच करायला हवी. मुलगा न्यू जर्सीला जाताना त्याला आईच्या ओटीत टाकून गेला होता. त्या वर्षी सुनेची तारीख दिवाळीनंतरची, म्हणून ही दोघं नवरात्र आटोपताच गेली आणि मार्गशीर्षात येतो म्हणाली. इकडे आत्या आणि स्नोई. ऑक्टोबरच्या उन्हात ती त्याला ओल्या गोणपाटावर निजवायची, रोज संध्याकाळी झोपाळ्यावर शेजारी बसवून रस्त्यावरची माणसं दाखवायची, आणि त्याच्याशी असं बोलायची की वाटावं, बोळातल्या त्या सगळ्या वर्षांत गिळलेले शब्द तिने याच्यासाठीच राखून ठेवले होते. मी कॉलेजातून वाट वाकडी करून तिथे जायची. तिचं हसणं मी त्या घरात पहिल्यांदा ऐकलं, मोठं, घसा मोकळा करून हसलेलं. आमच्या घरी ती तोंडाला पदर लावून हसायची.

मार्गशीर्ष जवळ आला तशी तिने परतवणी आरंभली. स्नोईला काही उमजेना. तो चार दिवस तिच्या मागे मागे फिरला, मग साडीवर पडून राहिला. आणि फोन आला, बाळाचं पोट बिघडलंय, संक्रांतीनंतर येतो. आत्याने साडी उचलली, पुन्हा फरशी वाजवली, पुन्हा त्याला दिवाणाखालून बाहेर काढलं. संक्रांत गेली. पुन्हा साडी पसरली, पुन्हा पाठ फिरवली. आणि पुन्हा फोन, तिकिटं पुढे ढकललीत, आता होळीनंतरच, स्नोई बरा आहे ना? स्नोई बरा नव्हता. त्याने खाणं टाकलं होतं. दोनदा हातातोंडाशी आणून हिसकावलेल्या मायेने तो जीव खुळावला होता. आत्या मोरीत गेली तरी दाराशी बसून रडायचा. एवढं झाल्यावरही फोनवर एकदा कुणी तिला विचारलं असतं, शालूताई, तुम्ही कशा आहात, तर माझ्या तोंडून आज इतकं कडू निघालं नसतं. आत्याने ती साडी धुतली, घडी घातली आणि कपाटात ठेवून दिली. तिसऱ्यांदा करणार नाही गं, एवढंच म्हणाली.

होळीनंतरच्या एका सकाळी अहमदाबादच्या विमानतळावरून निघालेली टॅक्सी फाटकाशी थांबली. आईने दिलेला पोळ्यांचा डबा घेऊन मी तिथेच होते. वत्सलावहिनी गाडीतूनच हात पसरून उतरल्या, स्नोई, माझं बाळ ते, आणि स्नोईने त्यांच्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. शेपटी एकदा सभ्यपणे हलवली आणि तो शालूआत्याच्या पायांवर येऊन बसला. वहिनींचे हात तसेच पसरलेले. समोरच्या शांताबेन स्वागताला म्हणून ओट्यावर आल्या होत्या, त्या भोळेपणाने हसल्या आणि म्हणाल्या, “लो, आ तो हवे तमारोज थई गयो, शालूबेन.” हा तर आता तुमचाच झाला!

वहिनींचा चेहरा उतरत गेलेला मी पाहिला. आत्याने माझ्याआधी पाहिला. ती वाकली, स्नोईला वहिनींकडे ढकललं. तो परत आला. पुन्हा ढकललं, पुन्हा आला. मग तिने पायातली चप्पल काढली आणि त्याच्या पाठीत घातली. कोवळ्या उन्हात तो आवाज फार मोठा वाटला. स्नोई केविलवाणा ओरडला, पोट जमिनीला लावून सरपटत आला आणि तिच्या उघड्या पायावर हनुवटी टेकून पडला. तिने चप्पल पुन्हा उचलली. ती ज्या नजरेने त्या कुत्र्याकडे पाहत होती ती नजर मी कुठल्याच माणसाच्या वाट्याला आलेली पाहिली नाही. जा ना रे, असं काहीतरी तिच्या ओठांतल्या ओठांत होतं. वसंतरावांनी तिचा हात धरला. वहिनी म्हणाल्या, “रोज असंच मारत होतात का हो त्याला?”

मी तोंड उघडलं, तर आत्याने माझ्या दंडाला असा चिमटा काढला की चार दिवस वळ राहिला. तिने पिशवी उचलली, अनवाणी पायात चप्पल सरकवली आणि निघाली. फाटकापासून नाक्यापर्यंत तिने मागे वळून पाहिलं नाही. स्नोईचा आवाज मात्र नाक्यापर्यंत येत राहिला.

बडोदं मोठं शहर झालं होतं तेव्हा, पण आपली माणसं एका चिमटीत मावतात. गणपतीच्या आरतीला, हळदीकुंकवाला, मांडवीत साड्या घेताना, ज्याच्या त्याच्या तोंडी तेच. दिसायला गरीब गाय हो, पण मुक्या जनावरावर हात टाकते. छाणीच्या माशांनीही दुसरी व्यवस्था शोधली. पोपटवाल्यांनी रस्त्यात नजर चुकवली. आईने तर हात टेकले. आता ही कायमची इथेच, एवढं ती उघड म्हणाली नाही, भांडी आपटून म्हणाली. बाबा तेव्हाही पेपरच वाचत होते. स्नोईचं पुढे काय झालं ते शांताबेनकडून कळलं. वहिनी चार महिन्यांत पुन्हा अमेरिकेला निघाल्या आणि त्यांनी त्याला डभोईकडच्या कुणाच्या तरी शेतावर देऊन टाकलं. आत्याच्या हाती द्यायला मात्र त्यांचं मन धजेना, म्हणे कुत्र्याचे हाल होतील.

हे ऐकल्यावर माझा धीर सुटला. मी तिच्या खाटेशी बसून तिला वाट्टेल ते बोलले. एकदा, एकदा तरी खरं सांगायचं होतंस, तो तुझ्यावर जीव टाकत होता आणि तू त्यांच्या भल्यासाठी त्याला मारलंस. आज तो तुझ्याजवळ नसता का? तिने पाय दुमडून मला खाटेवर जागा करून दिली. मग म्हणाली, “कुत्र्याला मारलं, हे लोक विसरतील गं. तुमचं कुत्रं तुमचं राहिलं नाही, हे कुणाच्या तोंडावर सांगितलं तर ते जन्मभर विसरत नाहीत.”

तिचा एवढा एकच अंदाज चुकला. लोक विसरले नाहीत. ती त्या बोळात आणखी सात वर्षं जगली, बोलावण्याची वाट न पाहता; दुपारी खाटेवर बसून ती नुसती हातांकडे बघायची, आणि त्या हातांना काय करायचं हे त्या घरात कुणालाच सांगता येत नव्हतं. मग एका श्रावणात ती गेली, जाणाऱ्यासाठी पाय दुमडून घ्यायची तशीच, कुणाला कळू न देता. कारेलीबागेतलं ते घर पाडून तिथे फ्लॅट झाले, वहिनी तिकडच्याच झाल्या, शांताबेन लेकाकडे सुरतेला गेल्या. गेल्या वर्षी एका लग्नात कुणी वृद्ध बाईंनी मला विचारलं, तू दांडियाबाजारातली ना, ती कुत्र्याला मारायची तिची भाची? मी हो म्हटलं. काळ सगळं पुसतो असं म्हणतात. तो माणसं पुसतो, घरं पुसतो, माया तर सर्वांत आधी पुसतो, आणि कुणाच्या अनुपस्थितीत जे मागे उरतं तेच आठवण म्हणून आपण जपतो, ते खोटं असलं तरी.