न पिण्याची कॉफी

मुतलकच्या नातवाच्या ट्रॅक्टरखाली नायफचा मुलगा शाहेर गेला, त्याला सात वर्षं झाली. रिवाजाप्रमाणे मुतलकचं अख्खं घराणं त्याच दिवशी गाव सोडून दूर करक शहरात निघून गेलं. आज म्हातारा परत येण्याची परवानगी मागायला आला होता, पाच वडीलधारी माणसं सोबत घेऊन.

नायफने मनाशी ठरवलं होतं. सकाळीच बायकोला म्हणाला होता, "येऊ देत. म्हाताऱ्याला आपल्या मातीत मरू दे."

बोलायचं फारसं नव्हतंच. यजमानाने कॉफी द्यायची, पाहुण्याने ती न पिता समोर ठेवायची. म्हणजे काही मागणं आहे. मग यजमानाने म्हणायचं, "कॉफी घ्या, मागितलंत ते दिलं." हे शब्द नायफच्या ओठांवर तयार होते.

पहिला कप त्याने मुतलकच्या हातात दिला. म्हाताऱ्याने तो एका घोटात पिऊन टाकला.



"प्यायला की हा!" नायफचा भाऊ हायल हसला. "म्हणजे मागायचं काहीच नाही. उगाच आलात एवढ्या लांब."

"अरे, हल्ली विसरतात ते," पाहुण्यांतला एकजण काकुळतीला आला. "नायफभाऊ, पुन्हा भरा ना."

मुतलक आपल्याच नादात होता. "नायफ, शाहेर कुठं दिसत नाही? बकऱ्या घेऊन गेला का रे? गुणाचं पोर हो."

सात वर्षांत या घरात ते नाव असं कुणी घेतलं नव्हतं. सात वर्षं तो एकटा जे उराशी धरून बसला होता, ते म्हातारा साफ विसरून गेला होता. मग क्षमा करायची ती कुणाला?

मुतलकने रिकामा कप पुढे केला. त्याला तहान लागली होती, नायफला ते दिसत होतं. वयाने हात थरथरत होता, हातातला कप हलत होता. आणि कप हलवला म्हणजे पुरे, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं.

"पुरे म्हणतायत," नायफ म्हणाला आणि त्याने कप काढून घेतला.

पाहुणे उठले. दारात म्हाताऱ्याने नायफच्या गालांचे मुके घेतले. "शाहेरला सांग, मी येऊन गेलो."

बैठक रिकामी झाल्यावर बायको आतून आली. तिने किटली उचलली. ती जड लागली, जवळजवळ भरलेलीच होती.

"दिलं नाहीत का?"

"कुणी मागितलंच नाही," नायफ तिच्याकडे न बघता म्हणाला.