सरांची मान

अबू धाबीतल्या अल ऐन शहरातल्या त्या क्लिनिकात खाटा दोन होत्या, मशिनं तीन होती आणि फिजिओथेरपिस्ट एकच, मृणालिनी. शहरातले निम्मे गुडघे आपल्याच नावावर लिहिलेत, असं तिला वाटे. त्याचीही तक्रार नव्हती. पण पुण्यात बाबांचा गुडघा बदलून तीन आठवडे झाले होते आणि दुखतंय म्हणून ते तो वाकवायलाच तयार नव्हते. अजून महिनाभर असंच गेलं तर गुडघा कायमचा आखडणार, हे तिच्याइतकं कोणाला कळणार?

रजा मागितली की मॅनेजर दत्तप्रसाद सर डावी-उजवीकडे मान हलवत. "तू गेलीस तर इथे कोण? दुसरा माणूस मिळू दे, मग जा. इन्शाल्ला!"

दुसरा माणूस कधीच मिळाला होता. शारजात अल नहदाला राहणारा फिजिओथेरपिस्ट सुजीत इथलं लायसन्स हातात घेऊन दोन महिने वाट बघत होता आणि त्याची फाइल सरांच्या ड्रॉवरमध्ये पडली होती. एकीवर भागतंय तर दुसरा कशाला, असा सरांचा खाक्या.

शनिवारी सरांच्या घरी सात-आठ मराठी कुटुंबं जेवायला जमली. अशा जेवणात मृणालिनीच्या हातात ताट यायच्या आधी कोणाची तरी टाच, कोणाची तरी कंबर पुढे येई. त्या दिवशी पहिला नंबर खुद्द सरांचा लागला. सकाळपासून त्यांची मान अशी धरली होती की कोणी हाक मारली तर ते अख्खेच्या अख्खे वळत.

"मृणालिनी, जरा बघ ना."

"सर, तुमचाच रूल आहे ना? ॲपवर अपॉइंटमेंट नसेल तर हात लावायचा नाही. स्टाफलासुद्धा."

सगळ्यांनी कान टवकारले. सरांच्या बायकोने, अपर्णाने, त्यांचा मोबाइल ओढून घेतला आणि मोठ्यांदा वाचलं, "नेक्स्ट स्लॉट तेवीस दिवसांनी! अहो, तोपर्यंत तुम्ही असेच ड्राइव्ह करणार? दुसरं कोणी नाही का तुमच्याकडे?"

"आहे ना वहिनी," कोशिंबीर वाढून घेत मृणालिनी म्हणाली, "सरांच्या ड्रॉवरमध्ये आहे." आणि तिने सुजीतच्या फाइलची सगळी हकिकत सांगून टाकली. हसता हसता एकाला ठसका लागला.

"बोलावताय ना त्या मुलाला मंडेला?" अपर्णाने विचारलं.

सरांनी सवयीने नकाराची मान हलवायला घेतली आणि ते "आई गं!" करून ओरडले. मान डावीकडे जाईना, उजवीकडे जाईना. खाली-वर तेवढी हलत होती.

"हो म्हणाले. खलास!" अपर्णाने जाहीर केलं आणि तिथेच त्यांना सुजीतला फोन लावायला लावला. फोन संपला तशी मृणालिनीने गरम टॉवेल मागितला, रूल बाजूला ठेवला आणि दहा मिनिटांत सरांची मान मोकळी केली. मोकळ्या मानेने सरांनी रजा मंजूर केली.

दहाव्या दिवशी पुण्यात बाबांचा गुडघा हातात घेतला तेव्हा तिला रडूच आलं. मग तिने तो हळूहळू वाकवायला सुरुवात केली.

"अगं, दुखतंय! उद्या कर."

"उद्या स्लॉट नाहीये, बाबा," डोळे पुसत ती म्हणाली. "तेवीस दिवसांनी आहे. चालेल?"

बाबांनी निमूटपणे पाय पुढे केला.