पाकोळ्यांसाठी सोडलेले बारा मीटर

दरडीत बिळं २१४. त्यांतली तोंडाशी ताजी विष्ठा असलेली, म्हणजे वापरात, १६३. ही मोजणी मी जानेवारीत तापीच्या पात्रातून दुर्बिणीने तीनदा केली. चोपडा तालुक्यात इथे काठ म्हणजे वीस मीटर उंच पिवळ्या मातीची उभी भिंत; तिच्यात पाकोळ्यांची वसाहत. वरच्या जमिनीवर जळगावच्या हितेंद्रभाऊंना सुट्टीचं घर बांधायचं होतं.

आर्किटेक्ट नौशीन मॅडमचं हे पहिलंच स्वतंत्र काम; मी त्यांची मदतनीस. त्यांची अट एकच: पाकोळ्या उठता कामा नयेत, म्हणून घर कड्यापासून बारा मीटर मागे.

"चिमण्यांसाठी बारा मीटर सोडू?" हितेंद्रभाऊ हसले. "भाडं देतील का?"

"पाकोळ्या आहेत भाऊ. नाही देणार," मॅडम म्हणाल्या.

भाऊंनी सोडले. घर लोखंडी पायांवर उभं राहिलं. नदीच्या बाजूला एकही दिवा लावला नाही. सांडपाण्याचा थेंब तापीत जाऊ नये म्हणून शोषखड्डा केला, आणि जागा मोकळी होती म्हणून तो त्या बारा मीटरांतच घेतला. हिशोब सहा माणसांचा. चाचणीत पाणी झटपट मुरलं.

पुढच्या हिवाळ्यात पाकोळ्या परतल्या, अंड्यांवर बसल्या. हितेंद्रभाऊंनी भरीत पार्टी ठेवली. खान्देशात नवं घर आणि हिवाळा म्हटल्यावर दुसरं काय होणार? दीडशे माणसं आली. पऱ्हाट्यांच्या, कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या, जाळावर वांगी भाजली, पातेली घासली, टँकर रिकामा झाला, दुसरा आला.

"हाई बठ्ठं पानी कथं जास, माय?" हितेंद्रभाऊंच्या आई द्रौपदाबाईंनी विचारलं.

"सगळं जमिनीत मुरतं, अक्का," मॅडम म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "साक्षी, खाली जाऊन बघ."

वरच्या रांगेतल्या बिळांतून तेलकट पाणी गळत होतं. मी फोन केला. मॅडमनी टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला.

"ओ मॅडम, लोकांना हात तरी धुऊ द्या!" फोनमध्ये मागून हितेंद्रभाऊ ओरडले.

माती आधी भुरभुरली; मी पात्रात मागे पळाले. मग दरडीची अख्खी फळी सुटली, तिच्यामागून खड्डा. ढिगाऱ्याखाली माणूस कोणी आलं नाही. पाकोळ्या अंधार पडेपर्यंत ढिगाऱ्यावर घिरट्या घालत होत्या. मॅडम खाली येऊन हातांनी ढेकळं बाजूला करत राहिल्या.

आठवड्याने पुन्हा तीनदा मोजलं. बिळं ३८. वापरात ०. घरापासून कडा ३.६ मीटर.