काकांची बोटे

दूधखोलीच्या दारामागे खडूच्या त्रेचाळीस ओळी होत्या. एका दिवसाची एक ओळ. कुठे चार रेघा, कुठे तीन. मी दोनदा मोजल्या. एकूण एकशे सदुसष्ट.

साथीत गाव बंद होते तेव्हा त्रेचाळीस दिवस दुधाची गाडी आली नाही. गायींना हे सांगून उपयोग नव्हता. काका रोज टाकीत काठी बुडवायचे, ओला भाग बोटांनी मोजायचे, दारावर तेवढ्या रेघा मारायचे आणि मग तोटी उघडून सगळे दूध नाल्यात सोडायचे.

"सोडायचंच आहे तर मोजता कशाला, असं मी म्हणायची," काकू म्हणाली. "तर म्हणे, गायीनं दिलंय, निदान नोंद तरी नको?"

काकांना जाऊन आठ महिने झाले होते. वाया गेलेल्या दुधाची सरकारी भरपाई आता जाहीर झाली होती आणि अर्जाचा आज शेवटचा दिवस होता. भरपाई मिळाली नाही तर अकराही गायी शनिवारी व्यापारी नेणार होता.

मी फोन केला. कारकून वैतागलेला होता. "अहो बाई, बोटं चालत नाहीत. लिटर सांगा. आणि सहा हजारांच्या खाली असेल तर पाठवूच नका."

टाकीचा तळ सपाट, दोन मीटर बाय एक मीटर. हिशेब सोपा होता. मी माझी चार बोटे जुळवून पट्टीवर ठेवली. एका बोटाला एक पूर्णांक सात सेंटीमीटर, म्हणजे चौतीस लिटर. एकूण पाच हजार सहाशे अठ्ठ्याहत्तर.

"कमी पडतंय," मी म्हणाले.

"पडणारच! तुझी ती पेन धरायची बोटं. ह्यांचा पंजा म्हणजे फावडं होतं. लिही सात हजार."

"अंदाजानं नाही लिहिता येत, काकू."

"मग आणू कुठून त्यांची बोटं, शास्त्रज्ञबाई?"

ती चिडून दाराबाहेर गेली. मी खाली बघत बसले. कोपऱ्यात दुधाचा रिकामा कॅन होता. त्याच्या तळाखालून जमिनीतला एक खळगा डोकावत होता.

या खोलीची जमीन केली तेव्हा मी सहा वर्षांची होते. ओल्या सिमेंटवर पाय देऊ नकोस म्हणून काकांनी मला काखोटीला मारले होते आणि मी रडायला लागल्यावर कोपऱ्यात नेऊन म्हणाले होते, "बरं, हात उमटव. बोटं जुळव, नाहीतर मध्ये सिमेंट घुसतं. हे बघ, अशी." आणि आधी स्वतःचा पंजा दाबला होता.

"काकू!" मी ओरडले आणि कॅन सरकवला.

ती आली, वाकली आणि पदराने ठशातली धूळ पुसत राहिली. बराच वेळ पुसली. मग म्हणाली, "हं. मोज."

मी तीनदा मोजले. चार बोटांची रुंदी तिन्ही वेळा आठ पूर्णांक चार सेंटीमीटर. एका बोटाला बेचाळीस लिटर. अर्जावर मी लिहिले, सात हजार चौदा. मोजणी कशी केली तेही लिहिले, ठशाचा फोटो जोडला आणि पाच वाजायला दहा मिनिटे असताना अर्ज पाठवला.

मी पट्टी पिशवीत ठेवत होते.

"थांब," काकू म्हणाली. तिचे बोट शेजारच्या छोट्या ठशावर होते. "हा राहिला की."

पाच पूर्णांक एक सेंटीमीटर.