पाव पाटी दुखणं

लताबाई सिस्टरांची उभी हयात दिंडोरीच्या सरकारी दवाखान्यात गेली. चौतीस वर्षं. निवृत्त झाल्यावर घरात जीव रमेना, म्हणून त्या नाशकात गंगापूर रोडवरच्या एका शुश्रूषा केंद्रात जाऊ लागल्या. ज्यांचा आजार आता बरा होणार नाही असं मोठ्या डॉक्टरांनी सांगून टाकलंय, त्यांच्या घरी जायचं आणि दुखणं तेवढं हलकं करायचं, हे केंद्राचं काम. शेजारणी म्हणायच्या, "आयुष्यभर माणसं बरी केलीत, आता हे कुठे धरून बसलात?" लताबाई म्हणायच्या, "बरं करणारे पुष्कळ आहेत, बाई. यांच्याजवळ बसायला कुणी नसतं."

मखमलाबादच्या ठमाबाई त्यांच्या यादीत आल्या त्या दसऱ्याच्या आधी. जठरातली गाठ यकृतापर्यंत पोचलेली. घरची दीड एकर फुलशेती, झेंडू आणि शेवंती. पहाटे तोडलेला माल वेताच्या पाट्यांत भरून गणेशवाडीच्या फूलबाजारात न्यायचा, तो चाळीस वर्षं ठमाबाईंनीच नेलेला. पहिल्या भेटीत लताबाईंनी रीतीप्रमाणे विचारलं, "शून्य म्हणजे काहीच दुखत नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही. तुमचं किती?"

"मला ती दहाची गंमत नाय कळत बाई," ठमाबाई म्हणाल्या. "पाटीत सांगू का? आज असंल पाव पाटी."

त्या दिवसापासून हिशेब पाटीतच. लताबाई तो मनातल्या मनात आकड्यात करायच्या आणि फाईलमध्ये लिहायच्या.

फाईल पेशंटच्या उशाशी राहायची, म्हणजे कुणीही आलं तरी वाचता यावी. आणि ती वाचायचे धोंडीराम. ठमाबाईंचे मालक सातवी पास. सिस्टर उठल्या की नाकावर चष्मा चढवून ओसरीवर बसायचे आणि पोथी वाचावी तशी मोठ्यानं वाचायचे. सून पूजा हातातलं काम टाकून यायची, शेजारचा फकिरा कुंपणापाशी यायचा.

"आज आराम आहे. झोप बरी. अर्धी भाकरी खाल्ली." मग फकिराकडे बघून, "ऐकलं का? अर्धी! मागल्या टायमाला चतकोर व्हती."

"चाललीय मंग वहिनी दिंडीत," फकिरा म्हणायचा.

"दिंडीत नाय, शेवंती तोडायला चाललीय ती. तू तुजं बघ."

आत अंथरुणावर ठमाबाई डोळे मिटून हसायच्या. ती अर्धी भाकरी पदराआडून कुत्र्याला जायची, हे पूजाला ठाऊक होतं. लताबाईंनाही कळलं होतं. चौतीस वर्षं माणसं पाहिलेल्या बाईला हे सांगावं लागत नाही. पण ते वाचन ऐकल्यावर म्हाताऱ्याच्या चालीत जो जोर यायचा, तो बघून त्यांच्या हातून दुसरं काही लिहिलं जात नसे.

आणि सवयही तशीच होती. दिंडोरीत त्यांच्या हेडसिस्टर भागीबाई. पांढरी स्वच्छ साडी, कडक जिभेची बाई. तेव्हा तक्ता खाटेच्या पायथ्याशी टांगलेला असायचा. पोरसवदा लतानं एकदा त्यावर 'आशा नाही' असं लिहिलं, तर भागीबाईंनी तो कागद फाडून तिच्या हातात दिला. "माणूस शुद्धीवर आहे. त्याच्या डोळ्यांसमोर असली अक्षरं काढायची नाहीत. 'आराम' लिही. खरं काय ते ड्युटी बदलताना तोंडानं सांग." साऱ्या दवाखान्याची तीच रीत. कागदावर आराम आणि खरं तोंडी. त्या रीतीनं कधी कुणाचं अडलं नाही, कारण ऐकणारं माणूस समोर असायचं.

केंद्रातही ठमाबाईंचे पहिले दोन महिने असा ऐकणारा होता. तिथले वयस्क डॉक्टर संध्याकाळी चहाला बसले की लताबाई सांगायच्या, "ठमाबाई पाव पाटी म्हणते, पण घाम फुटतो तिला. हात उतरलाय." ते मान हलवायचे आणि गोळी वाढवायचे. मार्गशीर्षात ते मुलाकडे पुण्याला गेले. त्यांच्या जागी डॉक्टर तेजस्विनी आल्या. तरुण, कामाला चोख. दर तीन महिन्यांनी प्रत्येक पेशंटची फेरतपासणी व्हायची, खालावलाय की नाही ते बघायला. त्यासाठी घरोघरच्या फाईली केंद्रात मागवून त्यांनी पुढे ठेवायच्या पेशंटांची यादी केली आणि ठमाबाईंचं नाव तिच्यात नव्हतं.

"सिस्टर, या बाईंना आपली गरज नाही," डॉक्टर म्हणाल्या. "बघा ना. दुखणं दोन, पुन्हा दोन, पुन्हा दोन. दंडाचा घेर साडेएकवीस सेंटिमीटर, तिन्ही महिने तेवढाच. भूक सुधारतेय. असा पेशंट आपण ठेवू शकत नाही. पेठकडचे एक आजोबा महिनाभर वाट बघताहेत."

"डॉक्टर, ती जेमतेम महिनाभराची सोबती आहे."

"मग हे कुणी लिहिलं?"

लताबाईंनी अक्षर पाहिलं. गोल, वळणदार, दवाखान्यात सगळे नावाजायचे ते. साडेएकवीस हा घेर त्यांनी एकदाच मोजला होता, पहिल्या दिवशी. पुढे प्रत्येक वेळी मागचा आकडा उतरवला होता. टेप काढली की धोंडीराम विचारणार, किती झालं?

"मी लिहिलं," त्या म्हणाल्या. "खोटं लिहिलं. आता बसते आणि खरं लिहून देते."

डॉक्टर रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. "इथं बसून नको. घरी जाऊन मोजा आणि त्यांच्या समोर लिहा. घरच्या कर्त्या माणसाची सही आणा, की आजार कुठवर आलाय ते त्यांना समजलंय. गुरुवारी यादी पक्की होते. नाव गेलं तर गोळ्याही बंद, तेवढं लक्षात ठेवा."

बुधवारी सकाळी लताबाई मखमलाबादला गेल्या. धोंडीराम अंगणात शेवंतीच्या जुड्या बांधत होते. "या सिस्टरबाई! आज लवकर? काल हिनं वाटीभर वरण घेतलं, लिवा तेवढं."

"तुम्ही आत या आज. चष्मा घेऊन."

ठमाबाई उशीला टेकून बसल्या होत्या. सिस्टर येणार म्हटल्यावर सुनेकडून वेणी घालून घेतलेली, अंगात लांब बाह्यांचं पोलकं. लताबाईंनी केंद्रातून परत आणलेली फाईल मांडीवर घेतली, पण उघडली नाही.

"ठमाबाई, केंद्रातून तुमचं नाव कमी होतंय. बऱ्या झालात असं दिसतं म्हणून."

"ऐकलं का!" धोंडीरामांचा चेहरा उजळला. "मी काय म्हणत व्हतो!"

ठमाबाई नवऱ्याकडे बघतच राहिल्या. मग लताबाईंकडे. त्या नजरेत विनवणी होती, आणि ती कशासाठी हे त्या खोलीतल्या दोघी बायकांना कळलं. सून दारात उभी होती, तिनं पदराचं टोक तोंडात धरलं.

"गोळ्याही बंद होतील," लताबाई म्हणाल्या. "आज मला खरं लिहायचंय. दुखतंय किती?"

"पाव पाटी."

"ठमाबाई."

"ह्यांना भायेर जाऊ द्या, मंग सांगते."

"नाही जमायचं. सही ह्यांचीच लागते."

बाहेर मोटारीचं पाणी सरीत पडत होतं. ठमाबाईंनी हात पुढे केला आणि स्वतःच बाही वर सारली. काचेच्या बांगड्या कोपरावर चढल्या होत्या. गळून पडू नयेत म्हणून सुनेनं त्यांना सुतळीचा फेरा देऊन चिंधीनं बांधून ठेवलं होतं. सवाष्णीचा हात रिकामा कसा ठेवायचा!

लताबाईंनी टेप लावली. सोळा. त्यांनी तो आकडा मोठ्यानं वाचला आणि लिहिला.

"भरलीय," ठमाबाई म्हणाल्या. "वर रास लावल्यावानी भरलीय पाटी. उचलवत नाय आता."

"कवापास्नं?" धोंडीरामांनी विचारलं.

"दसऱ्यापास्नं."

"झेंडू तोडायला आली व्हतीस की माज्याबरुबर, दसऱ्याला."

"आले व्हते."

"आन् भाकर?"

उत्तर पूजानं दिलं, "मोतीला घालायच्या, मामा. मलाच न्यायला लावायच्या." आणि ती रडू लागली.

धोंडीरामांनी फाईल ओढून घेतली. मागची पानं उलटली. बोट एकेका ओळीवरून फिरत होतं, पण या वेळी ओठ हलत नव्हते. "मंग हे काय व्हतं?" ते लताबाईंना म्हणाले. "मी वाचत व्हतो नव्हं. मनीषा सटाण्याहून येते म्हनली व्हती, पोरांना घेऊन, संक्रांतीला. मी म्हनलं नगं, आई सुधरतीय, उन्हाळ्यात ये निवांत. ह्याच्यावर सांगितलं तिला. ह्याच्यावर!"

"माझी चूक झाली," लताबाई म्हणाल्या. भागीबाईंचं नाव त्यांच्या जिभेवर आलं होतं, ते त्यांनी गिळलं. त्या रीतीतला अर्धाच भाग त्यांनी सांभाळला होता.

"त्यांची नाय," ठमाबाई म्हणाल्या. "मी सांगितलं ते त्यांनी लिवलं. तुमी वाचताना लय बेस वाटायचं मला. म्हनलं, वाचू द्यावं."

धोंडीरामांनी सही केली. सातवी पास माणसाची ठळक, जोडाक्षरं जपून काढलेली सही. मग अंगणात जाऊन त्यांनी मुलीला फोन लावला. ते काय बोलले हे आत कुणाला ऐकू आलं नाही. "आजच निघ" एवढं मात्र दोनदा ऐकू आलं.

नाव यादीत राहिलं. डॉक्टर तेजस्विनी दुसऱ्याच दिवशी स्वतः आल्या आणि त्यांनी गोळ्या जवळजवळ दुप्पट केल्या. पेठकडच्या आजोबांसाठी जागा होईना, म्हणून लताबाईंनी आपला रविवार त्यांना देऊन टाकला. मनीषा आली, पोरं आली. ठमाबाई दुपारच्या झोपू लागल्या, कपाळावरच्या आठ्या सैल पडल्या. एके दिवशी नातवानं भरवलेला संत्र्याचा रस त्यांनी खरोखरच घोटभर घेतला आणि म्हणाल्या, "आज रिकामी हाय पाटी." लताबाईंना दिसत होतं की ते खरं आहे. धोंडीराम उठून जवळ आले, बायकोच्या तोंडाशी वाकले, बाही वर करून बघितली, पांघरुणाखाली हात घालून काही लपवलंय का ते चाचपलं. फाईलला त्यांनी हात लावला नाही.

अकरा दिवस असे मिळाले. बाराव्या दिवशी सकाळी, पूजा तुळशीला पाणी घालत असताना, ठमाबाई गेल्या. मनीषाच्या मांडीवर, झोपेतच.

दहाव्याला लताबाई भेटायला गेल्या. माणसं पांगल्यावर धोंडीराम त्यांच्याजवळ येऊन उभे राहिले. डोकं भादरलेलं, खांद्यावर पंचा.

"एक इचारू का सिस्टरबाई? शेवटाला दुखलं का हो तिला?"

"नाही," लताबाई म्हणाल्या. "अजिबात नाही. शपथेवर सांगते."

धोंडीरामांनी त्यांच्या तोंडाकडे टक लावून पाहिलं. ओळींवरून बोट फिरवताना पाहायचे तसंच, सावकाश.

"तुमी म्हनताय," ते म्हणाले, आणि पायऱ्या उतरून रानाकडे गेले.