चकतीवाली बरणी

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. जिथे होती तिथे कुणाची तरी सायकल टेकवलेली होती. दुसऱ्या दिवशी पहाटे लांबच्या फेरीला निघणारी मंडळी झाडून जमली होती आणि सगळ्यांच्या माना एकाच दिशेला ताणलेल्या होत्या. व्यासपीठावर एक टेबल, टेबलावर काचेच्या दोन बरण्या आणि बरण्यांमागे चकतीगुरू. खाली सायकलपटूची तंग चड्डी, वर पांढराशुभ्र पायघोळ सदरा. इहलोक आणि परलोक, दोन्हींची सोय.

"दोन्ही बरण्यांत एकाच वेळी वाटलेलं शेंगदाण्याचं लोणी," गुरू म्हणाले. "मीठ नाही, साखर नाही, फ्रीज नाही. फरक एकच. हिच्या अंगावर माझी ही चमकती चकती चिकटवली आहे, हिच्या नाही. आता बघा!"

बिनचकतीची बरणी उघडली. आत हिरवट-करडी बुरशी माजली होती. पहिल्या रांगेने नाकाला रुमाल लावला. मग दुसरी उघडली. वर सोनेरी तेलाचा थर, खालून भाजल्या दाण्यांचा खमंग वास. गुरूंनी लाकडी काडीने जरासं लोणी काढून चाखलं आणि डोळे मिटले.

"हे तेल नव्हे, अमृत वर आलंय! अणू म्हणजे काय? भांबावलेलं पोर. चकती त्याच्या डोक्यावर हात ठेवते, 'बस बाळा' म्हणते. पोर बसतं. जो बसला, तो नासला नाही! आणि फ्रीज म्हणजे काय? फ्रीज म्हणजे भीतीला लावलेलं दार!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. फ्रीजला दार असतं हे तर खरंच होतं, त्यामुळे बाकीचंही खरं वाटलं.

मग गुरूंनी सगळ्यांदेखत दोन नव्या बरण्या भरल्या. फेरीच्या समारोपाला त्या उघडायच्या होत्या. चकतीच्या बरणीत लोणी लाकडी काडीने गेलं, कारण "चकतीला धातूची सावली चालत नाही." दुसरीसाठी मात्र त्यांनी स्टीलचा चमचा मागवला, पाण्यात खळखळून धुतला आणि निथळता चमचा उंच धरून दाखवला. "मागाहून कुणी म्हणायला नको, चमचा घाणेरडा होता म्हणून!"

केवढा हा प्रामाणिकपणा! लोकांनी चमच्यालाही टाळ्या दिल्या. सगळ्यांत जोरात वाजवल्या त्या नेमाकाकूंनी.

हे नाव त्यांना सायकलवाल्यांनीच ठेवलं होतं. काकूंचे नेम कडक. उठल्याबरोबर जप. बाहेरचं शिजवलेलं तोंडात घालायचं नाही. अन्नाला शिवण्याआधी हात धुवायचे, चमचा धुवायचा, मगच घास. अशा बाईने उतारवयात सायकल शिकावी आणि गावोगाव फिरावं, म्हणजे पोटाची पंचाईतच. त्यावर काकूंनी शोधलेला तोडगा म्हणजे हेच लोणी. घरी दाणे भाजायचे, सालं पाखडायची आणि तेल सुटेपर्यंत मिक्सर फिरवायचा. शिळ्या पावाला, केळ्याला, कशालाही लावा. पोट भरतं आणि नेम मोडत नाही. धाकधूक एकच असायची, ते उन्हात टिकेल का? आता तीही मिटली. देवाने आपल्यासाठीच हा माणूस धाडला, असं काकूंना वाटलं. देवाला दुसरी कामं असतील, हे तेव्हा सुचलं नाही.

त्यांनी तीन चकत्या घेतल्या. एक स्वतःला, एक धाकट्या जावेला, एक तिच्या नवऱ्याला, म्हणजे भावजींना.

जाऊ शाळेत विज्ञान शिकवायची. तिने चकती उलटीसुलटी करून पाहिली. "ताई, माझ्या वर्गातली पोरं ओरडूनसुद्धा बसत नाहीत. अणू कसला बसतोय!"

"तुझ्या जिभेला हाड नाही गं," काकू मऊ आवाजात म्हणाल्या. काकू कधी चढ्या आवाजात बोलत नसत. त्यांना वाटायचं, हाही एक नेमच.

जावेने चकती वाया घालवली नाही. सायकल मऊ मातीत उभी करताना स्टँड रुतू नये म्हणून ती त्याच्या पायाखाली ठेवू लागली.

भावजी मात्र भाविक. देवापेक्षाही वहिनींवर त्यांचा विश्वास अधिक. त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. "वहिनींचा जप सुरू झाला की घड्याळ लावून घ्यावं," असं ते गिऱ्हाइकांना सांगायचे. त्यांना मधुमेह होता. इन्सुलिन घेतल्याशिवाय जेवण नाही. प्रवासात ते औषध एका खास पिशवीत ठेवायचे. ती पाण्यात भिजवली की वाऱ्याने गार राहते. निघायच्या सकाळी ते पिशवी भिजवत असताना काकू म्हणाल्या, "भावजी, कशाला ती ओली कटकट? चकतीने लोणी टिकतं, मग औषध का नाही टिकणार?"

भावजींनी पिशवी पिळली, वाळवली आणि सामानाच्या तळाशी घातली. औषधाच्या डबीवर चकती चिकटवली. बायकोला बोलले नाहीत. बोलले असते तर फेरी तिथेच संपली असती.

प्रवास सुरू झाला. मुक्कामाच्या प्रत्येक ठिकाणी काकूंचं प्रवचन. बरणी हँडलवरच्या पिशवीत दिमाखात, सगळ्यांना दिसेल अशी. कुणी विचारायचा अवकाश, काकू अमृतापासून सुरुवात करत. एकदा तर पंक्चर काढत बसलेल्या गृहस्थाला त्यांनी भांबावलेल्या अणूची गोष्ट सांगितली. बिचाऱ्याचे दोन्ही हात ट्यूबमध्ये अडकलेले, पळणार कुठे?

आणि एका सकाळी, जप झाल्यावर, हात आणि चमचा धुऊन काकूंनी बरणी उघडली, तर आत हिरवट-करडी बुरशी.

काकूंनी झाकण लावलं. पुन्हा काढलं. बुरशी तिथेच होती. मग त्यांनी आपली पापं आठवायला घेतली. जप करताना काल मन उताराकडे गेलं होतं, हे एक. जावेची सायकल मागे पडली तेव्हा गुदगुल्या झाल्या होत्या, हे दुसरं. आदल्या मुक्कामी दुसऱ्या कुणाचा साबण वापरला होता. पण एवढ्याशा साबणाला एवढी बुरशी? शेवटी त्यांनी बरणी टॉवेलमध्ये गुंडाळून सामानात दडवली.

"काकू, आज लोणी नाही?" कुणीतरी विचारलं.

"आज नुसती फळं," काकू म्हणाल्या.

"आणि बरणी कशी आहे?"

"कृपा आहे." कुणाची आणि कोणावर, ते त्यांनी सांगितलं नाही.

नेम पाळणाऱ्या बाईचं तोंड केळ्याने भरलेलं असलं की खोटं बोलणं सोपं जातं, हा शोध त्यांना त्या दिवशी लागला. तो दिवसभर बोचत राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी भावजी मागे राहू लागले. दर पाण्याच्या नळापाशी थांबायचे, बाटली रिकामी करायचे, भरून घ्यायचे आणि पुढच्या झुडपाआड जायचे. लोक हसले, "भावजींनी रस्त्याला पाणी घालायचं कंत्राट घेतलंय." भावजीही हसले. मग एका झाडाखाली टेकले ते उठेचनात. ओठ कोरडे, डोळे जड.

जावेने त्यांचं बोट टोचून साखर पाहिली. यंत्राने आकडाच दाखवला नाही. नुसतं लिहिलं, 'फार जास्त'.

"सुई चुकवलीत का हो?"

"नाही गं. एकही नाही."

"औषध दाखवा."

तिने सामान उपसलं. उन्हाने तापलेल्या काळ्या पिशवीत औषधाची डबी, हाताला चटका बसेल अशी गरम, आणि तिच्यावर चकती. जावेने डबी नवऱ्यापुढे धरली.

"अहो, हे औषध गेलं! उन्हात शिजलं. फेका ते आणि दवाखान्यात चला."

"काही गेलं नाही," भावजी जड जिभेने म्हणाले. "चकती आहे. वहिनींची बरणी बघ की, कशी ताजी आहे. विचार त्यांना. मी जरा पडतो, एक सुई आणखी घेतो, होईल बरं."

जावेने काकूंकडे पाहिलं. भावजींनीही पाहिलं. भोवती जमलेल्या सायकलवाल्यांनीही पाहिलं. हीच ती मंडळी, ज्यांना काकूंनी अमृत पाजलं होतं.

काकूंना वाटलं, आता धरणी दुभंगावी. पण धरणीलाही दुसरी कामं असतात. त्यांनी सामानातून टॉवेल काढला, बरणी बाहेर काढली आणि झाकण उघडून भावजींच्या पुढ्यात धरली.

"भावजी, ही बघा. काल सकाळी पाहिली. लाजेने बोलले नाही. चकतीला लोणी राखता आलं नाही, तुमचं औषध काय राखणार? उठा. माझं ऐकून बसलात ना, आता माझं ऐकूनच उठा."

भावजींनी बरणीत पाहिलं, मग वहिनींकडे. त्यांनी हात पुढे केला. एका टेम्पोला थांबवून त्यांना जवळच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी नवं इन्सुलिन दिलं, सलाइन लावलं. साखर खाली येऊ लागली तेव्हा डॉक्टर एवढंच म्हणाले, "उद्यापर्यंत थांबला असतात तर मला भेटला नसतात."

काकू कोपऱ्यातल्या बाकावर बसून राहिल्या. जाऊ त्यांच्यावर ओरडली असती तर बरं वाटलं असतं. ती ओरडली नाही. तिने आपल्या लोण्याची बरणी काढली आणि म्हणाली, "ताई, सकाळपासून पोटात काही नाही तुमच्या. घ्या."

जावेची बरणी, बिनचकतीची! घरच्याच दाण्यांची, काकूंनीच वाटलेली. तेल वर, वास खमंग, बुरशीचा मागमूस नाही. काकू सवयीने उठल्या, नळाखाली चमचा धुतला आणि निथळता चमचा बरणीत घालणार, तोच जाऊ किंचाळली, "ताई, पाणी!"

काकूंचा हात हवेतच थांबला. चमच्याच्या टोकाशी एक थेंब लोंबत होता.

"रोज असाच घालता?"

"धुतल्याशिवाय कसा घालू?"

"आणि पुसत?"

पुसणं कोणत्याच नेमात नव्हतं.

"ताई, निव्वळ दाणे वाटले की त्यात पाणी जवळजवळ नसतंच. बुरशीला जगायला पाणी लागतं. कोरडं राहिलं तर हे लोणी फ्रीजशिवाय आठवडेच्या आठवडे टिकतं. ऊन आणि हवा लागली तर फार तर खवट होतं. म्हणून मी बरणी कपड्यांच्या मधोमध ठेवते, झाकण घट्ट लावते आणि कोरड्या सुरीने काढते. तेल वर येतं, कारण ते हलकं. त्याला काय अमृत म्हणायचं! तुम्ही मात्र रोज बुरशीला पाणी पाजत होतात. तेही जप करून."

काकू थेंबाकडे बघत राहिल्या. मग एकदम म्हणाल्या, "अगं, त्याने चमचा धुऊन दाखवला होता! निथळता! आणि आपण टाळ्या वाजवल्या!"

"तुम्ही वाजवल्यात," जाऊ म्हणाली. आणि पहिल्यांदाच दोघी हसल्या.

समारोपाला पुन्हा तीच गर्दी. गुरूंच्या बरण्या उघडल्या. ठरल्याप्रमाणे एकीत अमृत, एकीत बुरशी. मग अनुभव सांगायला गुरूंनी आपल्या सगळ्यांत लाडक्या भक्ताला बोलावलं. काकू टॉवेलात गुंडाळलेल्या दोन बरण्या घेऊन वर गेल्या. दोन्हींची फक्त तोंडं उघडी ठेवली आणि पुढच्या रांगेला दाखवली.

"एकच लोणी, एकच प्रवास. यातली चकतीची कोणती?"

"ही! ताजी!" सभागृह गरजलं.

काकूंनी टॉवेल काढले. चकती नासक्या बरणीच्या अंगावर चमकत होती.

"ताई, तुमच्या श्रद्धेत खोट होती," गुरू हसून म्हणाले.

"श्रद्धा माझी देवावर आहे, गुरुजी. ती बरणीच्या अंगावर चिकटवली, एवढी खोट खरी." काकूंचा आवाज नेहमीइतकाच मऊ होता, मागच्या रांगा ऐकायला पुढे वाकल्या. "त्या दिवशी आपण चमचा धुतलात. मीही रोज धुते. पुसायचं दोघेही विसरलो. मी अज्ञानाने. आपण?"

गुरू आपल्या बरण्यांची झाकणं लावू लागले.

"मग आत्ताच दोन बरण्या पुन्हा भरू. या वेळी निथळता चमचा चकतीच्या बरणीत घाला, कोरडी काडी दुसरीत. बरण्या आमच्याकडे राहू द्या. आम्ही वाट बघू."

गुरूंना एकाएकी दुसऱ्या गावचा कार्यक्रम आठवला. सदरा सावरत ते मागच्या दाराने निघाले, आणि घाईत स्वतःची सायकल सोडून दुसऱ्याचीच घेऊन जाताना सापडले. लोक हसू लागले.

"त्यांना हसू नका," काकू म्हणाल्या. "मला हसा. ते पोटासाठी फसवत होते, मी फुकट फसवत होते. माझ्या एका वाक्यावर माझे दीर मरणाच्या दारात जाऊन आले. ज्या पिशवीला पाणी हवं ती मी कोरडी करवली, ज्या बरणीला पाणी नको तिच्यात रोज घातलं. मी देवाचं नाव घेते आणि घेत राहीन. पण त्याने डोकं दिलंय ते हेल्मेट अडकवायला खुंटी म्हणून नव्हे. कुणी चमत्कार दाखवला तर आधी विचारा, दुसऱ्या बरणीत काय घातलंत? आणि औषधाच्या बाबतीत माझ्यासारख्या काकूला विचारूच नका. डॉक्टरांना विचारा."

परतीच्या पहाटे काकू उठल्या. आसन घातलं, माळ हातात घेतली, मग खाली ठेवली. आधी त्यांनी भावजींची पिशवी पाण्यात बुडवली, हलकी पिळली, आत औषध नीट ठेवलं. मग चमचा धुतला आणि पदराने पुसला. उजेडाकडे धरून पाहिला आणि पुन्हा पुसला.

"वहिनी, आज जपाला उशीर झाला," भावजी घड्याळाकडे बघत म्हणाले. "मी घड्याळ कशावर लावू?"

"घड्याळावरच लावा, भावजी," काकू म्हणाल्या आणि माळ हातात घेतली.